दहा हजार सात

बाबा एकतीस वर्षं एकाच लेथवर टर्नर होते. रिटायर होताना त्यांनी त्या मशीनच्या पट्टीवरचा नंबर वहीत उतरवून आणला: १००१६००६३. हा आकडा कशानेच भागला जाणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून त्यांनी माझ्याकडे मूळ संख्यांचा तक्ता मागितला. मी आणून दिलेला तक्ता दहा हजारांपर्यंतचाच होता.

त्यात बाराशे एकोणतीस संख्या होत्या. बाबांनी एकेकीने भागून पाहिलं, तेही पेन्सिलीने, कॅल्क्युलेटरला हात न लावता. दोन वर्षं गेली, सात वह्या भरल्या. दर वेळी बाकी उरायची आणि त्यांची कळी खुलायची. बाकी उरली म्हणून खूश होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटचा भागाकार झाला त्या दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत होते. बाबा दारात येऊन म्हणाले, "दहा हजारांच्या पुढे जायला हवं का गं?"

वर्गमुळाच्या पुढे भागून बघावं लागत नाही. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटी, आणि त्यांचा आकडाही दहा कोटींचाच. वरचे एक लाख साठ हजार मी हिशेबातच धरले नाहीत. मान वर न करता म्हटलं, "नाही, पुरे झालं."

मग काय, बाबांना आभाळ ठेंगणं झालं. आपली संख्या मूळ आहे, हे ते कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगून आले. फोरमनकाका तर त्यांना 'मूळपुरुष' म्हणायला लागले.

वर्षभराने नववीच्या वर्गात वर्गमूळ शिकवताना मी कौतुकाने तोच आकडा फळ्यावर घेतला. उत्तर दहा हजार सातच्याही थोडं पुढे गेलं. तास संपताच शिक्षकांच्या खोलीत जाऊन दहा हजारांनंतरच्या पहिल्याच मूळ संख्येने, दहा हजार सातने भागलं. भागाकार दहा हजार नऊ, बाकी शून्य. बाबांचा एकच भागाकार करायचा राहिला होता.

तीन आठवडे मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते. बाबांनी चहा पुढे केला तरी मी नजर चुकवायचे. शेवटी त्यांनीच विचारलं, शाळेत काही झालंय का. मग मी सगळं सांगितलं, मान वर न केल्याचंसुद्धा. त्यांनी वही ओढली, भागाकार केला आणि शून्याखाली रेघ ओढली.

"वर्गमूळ मलाही काढता आलं असतं," एवढंच म्हणाले.

चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

परवा बाजारात फोरमनकाका भेटले. बाबा स्वतः कारखान्यात येऊन सांगून गेले होते म्हणे. "म्हणाले, चूक माझीच, पण पोरीने बरोब्बर पकडली. फार अभिमान आहे हो त्यांना तुझा."

तसं नाही काका, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण काका इतक्या कौतुकाने बघत होते. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, "येते हं" म्हटलं आणि चालायला लागले.