डासांचं अध्यासन

गुड्रुन थोर्केल्सननं उभी हयात डासांत घालवली होती. विनिपेगच्या उत्तरेला, दलदलीच्या काठी राहणाऱ्याला ती तशीही डासांतच घालवावी लागते. गुड्रुननं त्यात डॉक्टरेट केली, एवढाच फरक. पण विद्यापीठातली तिची नोकरी कायम हंगामी; तिच्यात दातांचा विमा नव्हता, म्हणून पडलेले वरचे दात तसेच राहिलेले. पुढच्या वर्षी आपण आहोत की नाही, हे तिला दर वसंतात नव्यानं कळायचं. नवरा लाइफ म्हणायचा, "तुझ्यापेक्षा तुझ्या डासांचं बरं. बर्फ वितळला की ते हमखास परत येतात."

अशात एके दिवशी डीन अ‍ॅबरनेथीनं तिला बोलावून घेतलं. डासांच्या अभ्यासाचं अध्यासन निघणार होतं. ठेव कायमची आणि तिच्या व्याजावर प्राध्यापकाचा पगार, तोही कायमचा. ठेवीतला अर्धा वाटा प्रांत सरकारचा, अर्धा ओरेस्ट पावलुकचा. पावलुक डास पळवणारा फवारा बनवून विकायचा. त्याचा हिरवा डबा नसलेलं घर त्या मुलखात सापडलं नसतं.

पहिल्याच बैठकीत माशी शिंकली.

"लोकांचा पैसा लागणार, तर डास कमी झालेले दिसले पाहिजेत," मंत्रीणबाई बर्नाडेट लाव्हाले म्हणाल्या. "तेही निवडणुकीच्या आत."

पावलुक ताडकन उठला. "कमी? बाई, डास कमी झाले तर मी डब्यात भरून काय विकू, पाणी?"

"मग पैसे कशाला देताय तुम्ही?"

"विद्येची आवड आहे म्हणून! डास वाढवा असं कुठं म्हणतोय मी? आहेत तेवढे टिकवा. आमच्या तीन पिढ्या जगल्यात त्यांच्यावर."

"आणि ते तुमच्यावर," लाव्हालेबाई पुटपुटल्या.

डीननं दोघांकडे प्रेमानं पाहिलं. "ही भागीदारी आहे. दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. कुठल्याही बैठकीत तो हेच म्हणायचा.

शेवटी करार असा ठरला: सोमवारपासून बुधवारी दुपारपर्यंत प्राध्यापकानं सरकारी पैशानं डास मारायचे आणि जेवण करून आल्यावर शुक्रवारपर्यंत खाजगी पैशानं ते जोपासायचे.

"आणि शनिवार-रविवार?" गुड्रुननं विचारलं.

"त्या दिवशी तू तटस्थ," डीन म्हणाला.

ती घरी आली ती डोकं धरूनच. लाइफनं सगळं ऐकून घेतलं. "सही कर गं बाई," तो म्हणाला. "खाटीकसुद्धा आधी बकऱ्याला चारा घालतोच की."

सहीचा समारंभ जूनमध्ये तळ्याकाठी ठेवला होता. मोठा तंबू ठोकलेला, पेरोगींचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे, थाळे भरलेले, वार्ताहर जमलेले. आणि नेमकं त्याच दिवशी उत्तरेकडून असं गार वारं सुटलं की औषधाला डास मिळेना.

लाव्हालेबाईंचा चेहरा उतरला. "उद्या छापतील ना, की सरकार नसलेल्या डासांवर पैसे उधळतंय!"

"माझे दुकानदार आलेत सगळे," पावलुक तंबूबाहेर डोकावत म्हणाला. "ते काय म्हणतील?"

दोघांनी डीनकडे पाहिलं, डीननं गुड्रुनकडे. "तुझ्याकडे असतील ना गं थोडे?" शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं तो म्हणाला.

गुड्रुनची प्रयोगाची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती. ती जाळीचा एक पिंजरा घेऊन आली, पण तंबूच्या दाराशी अडखळली. "हे जरा वेगळे आहेत बरं का. यांना मी..."

"आता वेगळे नि सारखे कुठं बघत बसतेस? सोड!" डीन म्हणाला.

तिनं पिंजरा उघडला. दोन मिनिटांत तंबूभर माणसं नाचायला लागली. पावलुकला स्फुरण चढलं. "घाबरू नका, मी आहे!" असं ओरडत त्यानं सगळ्यांवर आपला डबा रिकामा केला. डास त्याच्याच मनगटावर पंगत मांडून बसले.

"तेच सांगत होते," गुड्रुन म्हणाली. "तुमच्या फवाऱ्यातून जे वाचले, त्यांचीच ही पिलावळ. मी निवडून निवडून वाढवलीय."

तंबूत चटाक चटाक चालू होतं. गेली नोकरी, गुड्रुनला वाटलं. हातातोंडाशी आलेला घास आपणच मातीत घातला.

तेवढ्यात पावलुकचे डोळे चमकले. "म्हणजे नवा फवारा काढावा लागणार! जुना डबा सगळ्यांनी फेकून द्यायचा! कुठं आहे तो कागद?"

"आधी मला द्या," लाव्हालेबाई मान खाजवत ओरडल्या. "यांचा नायनाट झालाच पाहिजे!"

सह्या झाल्या. टाळ्या झाल्या, त्यातल्या आनंदाच्या किती आणि डास मारण्याच्या किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

गुड्रुन कामाला लागली. अर्धा आठवडा ती दलदलीत औषध टाकायची, अर्धा आठवडा अळ्यांना खाऊ घालायची. सरकारी तपासनीस बुधवारी सकाळी येऊन खूश होऊन जायचा, पावलुकचा माणूस शुक्रवारी. तंबूतून निसटलेले डास आता तीन गावं ओलांडून गेलेत, हे तिला ठाऊक होतं. पण ते तिला शनिवारी आठवायचं, आणि शनिवारी ती तटस्थ असायची.

कायम नोकरीबरोबर तिला दातांचा विमाही मिळाला. उन्हाळा सरता सरता तिनं वरच्या दातांची पंगत नवी बसवून घेतली. मग अंगणात लाइफच्या शेजारी बसून, लोणी माखलेलं कणीस तिनं कित्येक वर्षांनी दातांनी ओरबाडून खाल्लं, आणि दुसरं मागितलं.