दांडेकरबाईंची फिल्म

खंडेनवमीच्या दिवशी दांडेकरबाई कागदाइतक्या पातळ झाल्या आणि त्यांच्या पदराच्या दोन्ही काठांना फिल्मला असतात तशी ओळीने चौकोनी भोकं पडली. बाईंनी पदर नीट सारखा केला आणि आठवी 'ब'ची हजेरी घेतली.

गेले तीन आठवडे बाई काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म छातीशी धरून हिंडत होत्या. पुडक्यावर किल्ली, किल्लीवर गॅसबत्तीची जुनी जाळी, सगळं दोऱ्याने करकचून बांधलेलं. जाळीतून न दिसणारे किरण निघतात आणि कागदातूनही फिल्मवर किल्लीची सावली पाडतात, हे त्यांना आज शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना दाखवायचं होतं. नाहीतर प्रयोगशाळेत दसऱ्यानंतर खिचडीचे तांदूळ भरायचं ठरलं होतं. बाई पुडकं जेवतानासुद्धा खाली ठेवत नसत. आज तेवढं उपकरणांच्या पूजेत मांडलं, आणि हरबा शिपायाने ते उघडून फिल्मवर हळदकुंकू वाहिलं.

"अरे हरबा, उजेड लागला ना तिला!"

"गुंडाळलेल्याला कुंकू कसं लावायचं, बाई? वर्षाचा सण."

फिल्म वाया गेली. तेवढ्यात पहिल्या बाकावरची फिरदोस उभी राहिली.

"बाई, किरण आरपार जातात असं तुम्हीच शिकवलंत. मग तुमच्यापर्यंतही आले असतील."

अशी विद्यार्थिनी आपल्या हाताखाली तयार झाली, या अभिमानाने बाईंची छाती फुगली असती, पण आता फुगायला जागाच उरली नव्हती.

मुलांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि लाल दिवा पेटवला. बाई चष्मा काढून डेव्हलपरच्या ट्रेमध्ये आडव्या झाल्या. मग पाण्यात, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत.

"दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं," त्या आतून बजावत होत्या. "घाई केलीत तर याद राखा."

मुलांनी त्यांना चिमटे लावून तारेवर वाळत घातलं. साहेब आले तेव्हा बाईंच्या पायांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"प्रयोग कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ह्या काय," हरबा म्हणाला.

साहेबांनी चिमटे काढले, एक घोंगडी सरकवली आणि बाईंना खिडकीच्या उजेडात वर धरलं. बाई नखशिखांत काळ्या झाल्या होत्या. मधोमध किल्ली मात्र लख्ख उमटली होती, दातांसकट, आणि तिच्यातून शाळेचं मैदान दिसत होतं. सबंध नोकरीत बाईंना एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

"कडेला धरा, साहेब," बाई म्हणाल्या. "बोटं उमटतात."