तीन दिवसांचा वेग

माझ्या तोंडाला तेव्हाच कुलूप घालायला हवं होतं, दुसरं काय!

आमच्या टर्मिनलवर माल मुक्कामाला राहत नाही. या दाराच्या ट्रकमधून उतरला की समोरच्या दाराच्या ट्रकमध्ये चढला. मध्ये तुंबतो, तेवढीच त्याची रांग. या रांगेचं मॉडेल, म्हणजे किती दारं नि किती माणसं पुरतील याचं गणित, करायला कंपनीनं एक इंजिनियरबाई पाठवली. तीन दिवस ती खुर्ची टाकून बसली. ट्रक कधी आला, किती खोळंबला, किती मिनिटांत रिकामा झाला, सगळं टिपत होती.

मी मुकादम. माणसांना म्हटलं, "बाईसमोर माझं नाक कापू नका. दाखवा आपलं पाणी!" चहा बंद, तंबाखू बंद, पाठ टेकणं बंद. चाळीस मिनिटांचा ट्रक पंचवीस मिनिटांत रिकामा व्हायला लागला. माझी छाती ही एवढी फुगली.

सहा नंबरच्या दारावर माझा धाकटा भाऊ होता. घामानं निथळत म्हणाला, "दादा, ती मोजायला आलीय. रोजच्यासारखं करू दे की."

"गप रे, दीडशहाण्या," सगळ्यांदेखत त्याला झापलं.

महिन्याभरात मॉडेलचं उत्तर आलं. या वेगानं पाच दारं पुरतात. सहावं बंद, त्यावरची चार माणसं कमी. त्या चौघांत माझा भाऊ.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तसाच धावत बाईकडे गेलो. "मॅडम, ते तीन दिवस खोटे होते हो. रोज तसं केलं तर माणसं मरतील."

बाई वाईट नव्हती. म्हणाली, "काका, मी पुन्हा मोजते. पण कारण लिहावं लागेल. मुकादमानं मुद्दाम वेग वाढवून दाखवला, असं लिहू?"

म्हणजे माझी मुकादमी गेली असती, बहुतेक नोकरीही. भाऊ मात्र वाचला असता. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"राहू द्या," मी म्हणालो. हो, हेच म्हणालो मी. हलकटच आहे मी!

संध्याकाळी भाऊ घरी आला. मागे भावजय, डोळे सुजलेले.

"दादा, बाईकडे गेला होतास म्हणे माझ्यासाठी?"

"गेलो होतो."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "जाऊ दे रे. तू गेलास, हेच माझ्यासाठी खूप झालं."