दूरऐकी

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात, लोणावळ्याच्या स्टेशनात बाकावर कुणी विसरून गेलेलं चित्रांचं पुस्तक ह्यांनी शालनला आणून दिलं. हे रेल्वेत गँगमन. उडणारा माणूस, पोलादी मूठ. दोन दिवसांत पानं सुटली. मग म्हणाली, "आई, वाचून झालं. आता आपण त्यात जायचं."

म्हणून मी खेळ रचला. ज्यानं त्यानं आपला वीर घडवायचा. त्याला एक शक्ती आणि तेवढंच एक उणं. सगळंच जमणाऱ्याची काळजी कोण करणार? संकट मी सांगायचं, उपाय तिनं. सहा कवड्या टाकायच्या. चार उताण्या पडल्या की शक्ती चालली.

कवड्या सासूबाईंच्या परडीतल्या. त्या गेल्यापासून देवीची ती परडी खुंटीलाच होती. तिच्यातल्या कवड्या खेळायला घ्यायच्या नसतात, मला ठाऊक होतं. पण बाळ मांडीवर, बाहेर धुकं. दुसऱ्या कुठून आणू?

शालननं दूरऐकी घडवली. कोसकोस लांबचं ऐकणारी. उणं? "जवळचं ऐकू येणार नाही," ती हसली.

"घाटात गँगमन रूळ बघतायत," मी सांगू लागले. "वर धोंडा सुटतोय."

तिनं कवड्या टाकल्या. सहाच्या सहा उताण्या.

"बाबा, मागं सरा!" ती अशी ओरडली की बाळ दचकलं.

संध्याकाळी हे कामावरून आले ते चिखलानं माखून. "शाले, घाटात आलतीस व्हय गं? तुजी हाक आली म्हनून मागं सरलो, अन् म्होरं ह्यो एवढा धोंडा आदळला!"

शालन पाठमोरी होती. वळली नाही.

"कान फुटलं का काय पोरीचं?"

मी तिच्या कानाशी टाळी वाजवली. ती खिडकीकडंच बघत म्हणाली, "आई, कामशेतला कुणाचं तरी बाळ रडतंय."

आमचं बाळ तिच्या पायाशी रडत होतं.

डॉक्टर म्हणाले, कानात दोष नाही. चौथ्या दुपारी मी कवड्या पुढं ओढल्या आणि पाटीवर लिहून तिला दाखवलं : आता आईचा वीर. शक्ती – गेलेलं परत आणायची.

तिनं खाली लिहिलं : उणं?

माझ्याकडं होतं काय द्यायला? दोन्ही लेकरं माझ्या अंगाईवर झोपतात. मी लिहिलं : आवाज.

शालन ते पुसायला झेपावली. त्याआधीच मी कवड्या टाकल्या.

चार उताण्या.

बाळ रडलं. शालनची मान झटकन त्याच्याकडं वळली. मी तिला हाक मारायला गेले. ओठ नुसते हलले.

आता अंगाई शालन म्हणते. शब्द चुकते, मी पाटीवर लिहून देते.

हे म्हणतात, धुकं उतरलं की घाटात कुणीतरी अंगाई म्हणतं. न चुकता. थेट तुझ्यावानी.