पुढचा दोर

बसा मित्रांनो, जरा टेका. एक गोष्ट सांगतो. मात्र संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

मी एक जुना दोर आहे. टेम्स नदीवरच्या एका लॉकवाल्याच्या खोपटात खिळ्याला लटकतोय. खरं म्हणजे मी आता अर्धाच आहे.

तीन पेड पिळून मला केलं, तेव्हा पांढराशुभ्र होतो. डेस्मंड पर्किस नावाच्या माणसानं सहलीची नाव घेतली आणि तिच्या नाकाशी मला बांधलं. पण मला हाताळायची ती त्याची बायको, बेरिल. तो आपला सोनेरी बिल्ल्याची टोपी घालून सुकाणूच्या चाकापाशी उभा.

लॉक म्हणजे नदीची पातळी जिथं एकदम उतरते तिथला दगडी हौदच, दोन्हीकडे दरवाजे. नाव आत घ्यायची, दरवाजे लावायचे, हौदातलं पाणी बाहेर सोडलं की नाव त्याच्याबरोबर खाली उतरते. तेव्हा दोर बांधायचा नसतो बरं का! काठावरच्या खुंट्याला नुसता वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं आणि हळूहळू सोडत राहायचं. बेरिलचा हात त्यात असा बसलेला, की नाव कधी भिंतीला घासली नाही. घरी गेलं की माझा चिखल धुऊन मला सावलीत वाळत घालायची.

आणि हा? "अगं, दोर! झोपलीस का?" सगळ्या नदीला ऐकू जाईल असा ओरडायचा. काठावर बिअर पीत बसलेले लोक त्यालाच म्हणायचे, "वा कप्तान! काय अलगद उतरवलीत!" हा टोपीला हात लावायचा. बेरिलकडं कुणी बघायचं नाही, माझ्याकडं तर नाहीच.

एका रविवारी त्यानं ऑफिसातल्या ऑब्रीला आणलं. लॉकमध्ये शिरताच म्हणाला, "बेरिल, तू आत जा, चहा टाक. दोराचं आज मी बघतो."

"पाणी उतरणार आहे, डेस्मंड. बांधू नकोस हं."

"ऐकलंस ऑब्री? आता ही मला शिकवणार!"

दोघं हसले. ती आत गेली. डेस्मंडनं खुंट्याला माझी गाठ मारली, दिसायला झकास. ऑब्रीला दाखवली आणि बाटली उघडायला वळला.

पाणी उतरलं. मी काही उतरलो नाही. नावेचं नाक मला टांगलं गेलं, शेपूट बुडायला लागलं, मागून पाणी आत शिरलं. गाठ अशी आवळली, की डेस्मंडची नखं मोडली. आतून कपबश्या फुटल्या आणि बेरिल किंचाळली. उकळती किटली तिच्या हातावर आली होती.

"अरे काप तो दोर, शहाण्या!" लॉकवाला ट्रँटर पाणी बंद करायला धावता धावता ओरडला.

डेस्मंड नुसता "सुरी, सुरी" करत राहिला. बेरिलच सरपटत बाहेर आली. डावा हात लालबुंद, उजव्यात पाव कापायची सुरी. तिनं मला कापलं. नाव धाडकन पाण्यावर आदळली, पण वाचली.

मित्रांनो, मी कुजका असतो तर बरं झालं असतं. आधीच तुटलो असतो, नाव सुटली असती. तिनं मला इतकं धड ठेवलं, तेच तिला नडलं.

आणि डेस्मंड काय म्हणाला असेल? "दोरच कुजका निघाला, ऑब्री. तुटला बघ. दोर कोण सांभाळतं आमच्याकडं? बाईसाहेब!"

ऑब्रीनं सगळं पाहिलं होतं. तो रुमालानं बूट पुसत बसला. बेरिल बादलीत हात बुडवून बसली होती.

माझा नावेवरचा अर्धा भाग डेस्मंडनं कचऱ्यात टाकला. खुंट्यावरचा हा अर्धा ट्रँटरनं आणून खिळ्याला अडकवला. नंतर तोही विसरला.

अजून दर उन्हाळ्यात ती नाव येते. नवा दोर बेरिलच्याच हातात असतो, त्या हातावरचा डाग चकाकतो. पाणी उतरत असताना डेस्मंड नव्या पाहुण्यांना सांगतो, "इथंच आमचा दोर तुटला होता. हिचा निष्काळजीपणा, दुसरं काय!" पाहुणे हसतात. ती खाली मान घालून दोर सोडत राहते. ट्रँटर ऐकतो आणि दरवाजा उघडून देतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी वाकडं कोण घेणार?

तुम्ही कधी इकडं आलात, तर माझं टोक नीट बघा. तिन्ही पेडांवर सुरीचा सरळ वार आहे. तुटलेला दोर असा दिसत नाही. मला खिळ्यावरून काढा, आणि डेस्मंड ती गोष्ट सांगत असेल तेव्हा, बेरिलच्या देखत, त्याच्या पाहुण्यांच्या हातात द्या. एवढं कराल ना?