राखणीची बाटली

बापाने कुलूप काढून दिलेल्या फ्रिजमधून हर्षदने लाकडी पेटी ओढून काढली आणि ती हाताला हलकी लागली. त्याने ती खिडकीपाशी नेली. झाकणाचे बारीक, चकचकीत खिळे जागेवर नव्हते. त्यांच्या जागी कौलाच्या रिपेला मारतात तसले दोन गंजके खिळे ठोकलेले होते, आणि तेही वाकडे. त्याने पाना घालून झाकण उचकटलं. आत सहा खाचा आणि पाच बाटल्या. सहाव्या खाचेत जुना टॉवेल कोंबलेला होता.

"बाबा!"

हाक अशी गेली की मागीलदारी बांगडे साफ करत बसलेली त्याची आई यमुनाबाई तशीच ओल्या हातांनी आत आली. तिच्यामागून सखाराम आला, सावकाश.

पेटी बोर्दोच्या रेड वाइनची होती. हर्षद बोटीवर इंजिनिअर. फ्रान्सच्या बंदरात बोट लागली असताना त्याने ती घेतली, जकात भरून घरी आणली. पिण्यासाठी नव्हेच. ही वाइन जितकी जुनी होईल तितकी महाग होते. अट एकच, पेटी द्राक्षमळ्यातून निघाली तशी बंद राहिली पाहिजे. तिच्यासाठी वेगळा फ्रिज आला, फ्रिजसाठी इन्व्हर्टर आला, आणि त्या इन्व्हर्टरवर पंखा लावायचा नाही अशी ताकीद आली. वीज गेली की सखाराम आणि यमुनाबाई पडवीत घाम पुसत बसायची आणि बाटल्या आत गारव्याला आडव्या निजायच्या. इतके लाड हर्षदचेही कधी झाले नव्हते.

उद्या मुंबईचा एक शौकीन ती पेटी बघायला येणार होता. सौदा झाला की मिरजोळ्याच्या एमआयडीसीत शेड घ्यायची, एक लेथ टाकायचं आणि बोटीवरून कायमचं उतरायचं, असं हर्षदने ठरवून टाकलं होतं. या सुट्टीनंतर परत जायचंच नव्हतं.

"सहावी बाटली कुठाय?"

"ती ना," सखाराम म्हणाला, "ती राखणदाराला दिली."

हर्षदला क्षणभर कळेचना. बाग राखणाऱ्या देवाला, त्या राखणदाराला, त्याच्या दगडापाशी वर्षातून एकदा कोंबडा आणि बाटलीची राखण द्यायची, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्या राखणीला देशी चालायची. फार तर दिवाळीच्या सुमारास कुणी मिलिटरीवाल्याने रम आणून द्यायची.

"मी काय सांगून गेलो होतो?"

"राखून ठेवा म्हणालास. मला वाटलं, राखणीला ठेवा."

मग हर्षद जो सुटला तो सुटलाच. रत्नागिरीतली दारूची सगळी दुकानं जळाली होती काय, हे त्याने विचारलं. कान गेले असतील तर डॉक्टर मेले आहेत काय, हेही विचारलं. दगडावर ओतलीत तुम्ही माझी शेड, म्हणाला. अडाणी म्हणाला. जन्मदात्याला म्हणू नये ते सगळं म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला. त्याला सगळ्यात जास्त संताप आला तो सखारामच्या उभं राहण्याचा. म्हातारा दाराच्या चौकटीला टेकून, मान जराशी कलती करून, रेडिओवरचं आवडीचं नाटक ऐकावं तसा ऐकत होता.

हर्षद दम घ्यायला थांबला.

"बोल की," सखाराम म्हणाला. "थांबलास कशाला?"

"तुम्ही तरी गप्प बसा हो!" यमुनाबाई कडाडली. "तो पेटलाय आणि तुम्ही रॉकेल ओतताय."

"किल्ली द्या फ्रिजची," हर्षद म्हणाला.

सखारामने करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून दिली. हर्षदने ती हिसकावली आणि चपला न घालताच बाहेर पडला. वाडीतर्फे देवापुढे गाऱ्हाणी घालणारा दादू वरच्या अंगाला राहायचा. उरलेला राग त्याच्यावर काढायचा होता.

दादू मांडवाखाली कोयत्याने बांबूचे चिवे तासत होता.

"दादूकाका, बाबांना ऐकू येत नाही. तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस?" दादूही तापट होता. "बजावून सांगितलं त्याला, सख्या, पोरगा तुझा जीव घेईल. ऐकलंन नाय. आणि ऐकू येत नाय म्हणून कोण बोलला तुला? चांगलं ऐकू येतं त्याला. वर्षाची राखणपण नव्हती ती. मधेच दिलीन. गाऱ्हाणंपण मला घालू दिलंन नाय, सोत्ता घातलंन."

"मधेच? कधी?"

"तुझा फोन लागत नव्हता तेव्हा. तांबड्या समुद्रात होतास, तिकडे बोटींवर हल्ले चालले होते. टीव्हीवर रोज ती जळकी बोट दाखवायचे."

हर्षदला ते दिवस आठवले. त्या दिवसांत बोटीवरचं नेट बंद ठेवलं होतं. धोका टळल्यावर त्याने घरी फोन केला, तेव्हा बाबांनी फक्त जेवलास काय, एवढंच विचारलं होतं.

"काय गाऱ्हाणं घातलं?"

दादूने कोयता बाजूला ठेवला. गाऱ्हाणं कोयता हातात धरून बोलायचं नसतं. त्याने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, ही बाटली पोराची हाय. हात लावू नका म्हणून सांगून गेलाय. घरात याच्यापेक्षा मोलाचं काय नाय, म्हणून चोरून आणलीय. पोराला घरी आण. माझ्या म्होरं उभा कर, आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घालू दे. पोटभर घालू दे." दादूने हात सोडले. "आम्ही बोललो, होय म्हाराजा."

हर्षद मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला.

"घातल्यास ना?" दादूने विचारलं आणि पुन्हा कोयता उचलला.

घरी येऊन हर्षदने मुंबईला फोन लावला. पेटी फुटली आहे, म्हणाला. नाही, सुट्या बाटल्या नको असतील तर राहू द्या. फोन ठेवला तरी त्याच्या कपाळाची शीर उडतच होती. राग गेलेला नव्हता. तो जाणारही नव्हता इतक्यात.

"मग शेडचं काय?" यमुनाबाईने विचारलं.

"आता कसली शेड? कंपनीला कळवतो. बोटीवर परत जातो."

पडवीत सखाराम चपळाईने उठून बसला. मघाचं ते समाधान त्याच्या चेहऱ्यावरून पार उतरलं होतं. हर्षदने पेटी उचलून पुन्हा फ्रिजमध्ये सारली, टॉवेल होता तसाच ठेवला आणि कुलूप लावलं. मग त्याने किल्ली बापापुढे धरली.

सखारामने ती लगेच घेतली नाही.

"राखून ठेवू," त्याने विचारलं, "की राखणीला ठेवू?"

"तुम्हाला ऐकू येईल ते," हर्षद चिडूनच म्हणाला, आणि पंख्याची वायर घेऊन इन्व्हर्टरपाशी बसला.