उलट्या अंगाचं ठिगळ

फाटक वाजलं तशी शिलाबाईनं बाजेवर पसरलेली ओढणी घाईनं गुंडाळून पेटीत टाकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नर्मदाबाईंनी ते बराबर टिपलं. पाहुणं आलं की माल आत जातो, म्हणजे माल कसला असणार?

शिलाबाई पेणकर ही त्यांची भाडेकरीण. निवृत्त नर्स, एकटी, धर्मानं यहुदी. यहुदी म्हणजे काय, हे औंढ्याच्या त्या गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यामुळं तिच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या, आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेल्या छोट्या डबीबद्दल ज्याला जे सुचेल ते तो बोले. नर्मदाबाईंना करणीचा संशय होता. पण याच बाईनं त्यांच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण निभावलेलं, म्हणून त्या जपून बोलत. म्हणजे फक्त शेजारणींशी.

आरसे-कवड्यांची ती ओढणी शिलाबाईला जीपच्या थांब्यावर सापडली होती. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर तिनं निरोप धाडला, खूण सांगा आणि घेऊन जा. रंगसुद्धा सांगेना. दोघी आल्या, अंदाजानं काहीबाही बोलल्या, हात हलवत परतल्या. ओढणी मात्र महिन्याकाठी बाजेवर यायची, आणि कुणी आलं की गडप व्हायची.

शेवटी नर्मदाबाईंनी विचारलंच.

"आमच्या शास्त्रात आहे," शिलाबाई म्हणाली. "दुसऱ्याचं सापडलेलं कापड झटकायचं, कसर लागू द्यायची नाही. पण पाहुण्यांपुढं मिरवायचं नाही. आपलं नाही ना ते."

"आन् रंग काहून सांगत न्हाई?"

"सांगितला तर खूण काय पटवायची?"

उत्तर इतकं तयार होतं की नर्मदाबाईंचा चोरीचा संशय पक्का झाला. पुतण्या राहायला येणार आहे असं सांगून त्यांनी खोली मागितली. शिलाबाई 'बरं' म्हणाली. भांडली असती तर निदान बरं वाटलं असतं.

सामान बांधून झालं त्या दिवशी सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरची रूपाबाई आली. दारातूनच म्हणाली, "उलट्या अंगाला ठिगळ हाय. हिरवं. माह्या मायच्या हातचं."

शिलाबाईनं पेटी उघडली. रूपाबाईनं ओढणी उजेडात धरून आरसा न् आरसा तपासला.

"एक कमी हाय."

नर्मदाबाई ओट्यावरून दोन पावलं पुढं सरकल्या. शिलाबाईनं पेटीच्या तळातून कागदाची पुडी काढली. "झटकताना निखळला. मी शिवला नाही. तुमचा टाका वेगळा असतो."

रूपाबाईनं आभार मानले नाहीत. ठिगळ नाकाला लावून ती उंबऱ्याशीच बसून राहिली.

ती गेल्यावर नर्मदाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ऱ्हा की बाई. पुतण्याचं काय, तो कुटं बी ऱ्हाईल."

"नको हो. खोली त्याला दिलीत ना तुम्ही? आता त्याची आहे ती."

नर्मदाबाईंना पुतण्या नव्हताच.

संध्याकाळी त्या झाडू घेऊन रिकाम्या खोलीकडं गेल्या. चौकटीवर डबी नव्हती. तेवढं लाकूड फिकं राहिलं होतं. खिळ्यांची दोन भोकं मेणानं बुजवून बोटानं सारखी केलेली होती.